उतारीचं पान भिडू दर वेळी चुकीचं वाचतो? आधी बिघाड शोधा, मग पद्धत बदला

ब्रिज खेळणाऱ्या अनेक जोड्यांची तक्रार सारखीच असते. बोली जमते, डिक्लेरर (बोली जिंकून डाव खेळणारा) म्हणून खेळही बरा होतो, पण बचावाला बसलं की एका संध्याकाळी दोन-तीन डाव तरी असे निघतात की उतारी (हाताची सुरुवात करणारं पान) एका अर्थाने झाली आणि भिडूने ती दुसऱ्याच अर्थाने घेतली. मग ठरतं की पद्धत बदलू. चौथं पान (रंगातलं वरून चौथं उतरणं) सोडून तिसरं-पाचवं सुरू होतं. काही दिवसांनी कुणीतरी ॲटिट्यूड लीडची, म्हणजे पानाने आवड-नावड सांगण्याच्या पद्धतीची, शिफारस करतं. जोडीचे ठराव लिहिलेल्या कार्डावरचा मजकूर बदलत जातो, तक्रार मात्र तशीच राहते.

याचं कारण माझ्या मते सरळ आहे. उतारीचं एक पान एका वेळी एकाच प्रश्नाचं धड उत्तर देऊ शकतं. एक प्रश्न मोजणीचा: या रंगात माझ्याकडे किती पानं आहेत? दुसरा हवं-नकोचा: हा रंग मला परत हवाय का? कुठलीही पद्धत घ्या, ती यातल्या एका प्रश्नाकडे झुकलेली असते. उतरणारा पहिल्याचं उत्तर देतोय आणि समोरचा दुसऱ्याचं उत्तर ऐकतोय, असं झालं की जगातली उत्तम पद्धतही कोसळते. म्हणून पद्धतीचं नाव ठरवण्याआधी कुठल्या कॉन्ट्रॅक्टवर (शेवटच्या बोलीने ठरलेल्या करारावर) कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हे ठरवा.

आधी निदान

गेलेले डाव परत काढा. बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर) खेळत असाल तर जुने डाव पानापानाने पाहता येतात. क्लबात खेळत असाल तर डावांचा छापील कागद घ्या. प्रत्येक फसलेल्या बचावापुढे तीनपैकी एक खूण करा. एक, रंगच चुकीचा निवडला. दोन, रंग बरोबर होता पण पान वेगळ्या अर्थाने वाचलं गेलं. तीन, त्या पानाबद्दल आपल्यात काही ठरलेलंच नव्हतं.

पहिल्या खुणेचे डाव बाजूला ठेवा. बोली ऐकून रंग निवडणं ही वेगळी विद्या आहे आणि कुठलंही कन्व्हेन्शन (जोडीने ठरवलेला संकेत) ती उणीव भरून काढत नाही. समोरच्यांनी बदाम बोलून शेवटी इस्पिकात चार केले आणि तुम्ही राजाखालून बदाम उतरलात, तर ते चौथं पान होतं की तिसरं याला अर्थ नाही. पुष्कळ जोड्या हे डाव पद्धतीच्या माथी मारतात आणि नको ते औषध घेतात.

दुसऱ्या-तिसऱ्या खुणेचे डाव उरले, की दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून एक छोटी परीक्षा द्यावी. कागदावर असे संच लिहा: एक्का-राजा-५, राजा-राणी-४, ८-६-३, गुलाम-७-४-२, ९-४, राणी-८-६-५-३, राजा-गुलाम-१०-२, १०-९-६. प्रत्येक संचापुढे दोन उत्तरं लिहायची, हुकमाच्या कॉन्ट्रॅक्टवर कुठलं पान आणि नो ट्रम्पवर (हुकूम नसताना) कुठलं. मग कागद शेजारी ठेवा. ‘आम्ही चौथं पान खेळतो’ एवढं एकच वाक्य ठरवलेल्या जोडीचे कागद ८-६-३ आणि एक्का-राजा-५ या दोन ठिकाणी हमखास जुळत नाहीत. बहुतेक वेळा बिघाड तिथेच असतो.

एकाच राजाचे दोन अर्थ

सगळ्यात महाग पडणारा गोंधळ हा आहे, म्हणून तो जवळून पाहू. कॉन्ट्रॅक्ट चार बदाम, डिक्लेरर दक्षिण. पश्चिमेने इस्पिकचा राजा उतरला. डमीत (डिक्लेररच्या भिडूच्या उघड्या पानांत) इस्पिक ८-५-३. तुम्ही पूर्वेला, तुमच्याकडे ९-२. कुठलं पान टाकाल?

राजा जर एक्का-राजातून आला असेल, तर उत्तर नव्वी. आधी मोठं मग छोटं, म्हणजे ‘माझ्याकडे दोनच आहेत’. भिडू राजा, एक्का आणि तिसरं इस्पिक खेळेल, तिसऱ्याला तुम्ही हुकूम माराल. पश्चिम एक्का-राजा-१०-७-४ आणि दक्षिण राणी-गुलाम-६ अशी वाटणी असेल तर तीन हात सरळ तुमचे.

आता तोच राजा राजा-राणीतून आला आहे असं समजा. पश्चिमेकडे राजा-राणी-१०-७-४, दक्षिणेकडे एक्का-गुलाम-६. कसलेला डिक्लेरर राजावर शांतपणे छक्की टाकतो. व्हिस्टच्या (ब्रिजच्या पूर्वज खेळाच्या) काळापासून याला ‘बाथ कू’ म्हणतात. तुम्ही नव्वी टाकून ‘चालू ठेव’ म्हणालात, भिडूने पुन्हा इस्पिक खेळलं, की दक्षिणेला गुलामही मिळाला आणि एक्काही. एकाऐवजी दोन हात. इथे योग्य पान दुर्री, म्हणजे ‘थांब, दुसरा रंग काढ’.

डमीतली पानं तीच, तुमच्या हातातली तीच, उतरलेलं पान तेच. तरी बरोबर उत्तर नेमकं उलट. समोर बसलेल्याने इथे कितीही डोकं चालवलं तरी निम्म्या वेळा चुकणारच, कारण त्याला लागणारी माहिती पानात नाही.

यावर सरळ उपाय असा: हुकमाच्या कॉन्ट्रॅक्टवर एक्का-राजातून एक्का, राजा-राणीतून राजा. राजा दिसला की राणी आहे, एक्का दिसला की राजा आहे. दोनच पानांचा एक्का-राजा असेल तर क्रम उलटा, आधी राजा मग एक्का, म्हणजे भिडूला कळतं की तिसऱ्या फेरीला तुम्ही हुकूम मारू शकता.

या उपायाची किंमतही आहे, ती नीट समजून घ्या. एक्का म्हणजे राजा आहे असं ठरवलं, की नुसता एक्का उतरायची सवय सोडावी लागते. आपल्याकडे पाच-तीन-दोन किंवा मेंढीकोट खेळून ब्रिजकडे आलेल्यांना ‘एक्का आहे तर आधी ओढून घेऊ’ ही ओढ जबरदस्त असते. ब्रिजमध्ये एक्क्याने राजा किंवा राणी पकडायची असते. तो हवेत उतरला की दोन छोटी पानं मिळतात आणि डिक्लेररचा राजा मोकळा होतो. शिवाय भिडू तुमच्याकडे राजा धरून हिशेब करतो, ते नुकसान वेगळंच. बोलीमुळे नुसता एक्का उतरणं भागच असेल, तर भिडू फसण्याची शक्यता मनात धरून उतरा.

पाचव्या पातळीपासून (अकरा हातांच्या कॉन्ट्रॅक्टपासून) वर काही जोड्या यात बदल करतात. तिथे राजा उतरला की मोजणी दाखवायची, एक्का उतरला की हवं-नको. चांगला बदल आहे, पण खालचं सगळं पक्कं झाल्यावरच घ्या.

नो ट्रम्प आणि अकराचा हिशेब

नो ट्रम्पवर मी चौथ्या पानाच्या बाजूने आहे आणि कारण डावातच दाखवतो. अकराचा नियम आर. एफ. फॉस्टर यांच्या नावाने ओळखला जातो, तोही व्हिस्टच्या जमान्यातला. गुलाम ११, राणी १२, राजा १३ आणि एक्का १४ धरला, तर कुठल्याही पानाच्या वर ‘१४ वजा ते पान’ इतकी पानं असतात. चौथं पान उतरलं म्हणजे त्याच्या वरची तीन उतरणाऱ्याकडेच आहेत. उरली ‘११ वजा ते पान’, ती बाकीच्या तिघांत. तिसऱ्या पानाला हाच हिशेब १२ चा होतो आणि पाचव्याला १० चा.

कॉन्ट्रॅक्ट तीन नो ट्रम्प. पश्चिमेने बदामची सत्ती उतरली. डमीत एक्का-गुलाम-५. पूर्वेला तुम्ही, तुमच्याकडे राजा-१०-२. डमीतून पंजी आली. अकरातून सात गेले, राहिले चार. डमीत वरची दोन, तुमच्याकडे दोन. झाले चार. म्हणजे दक्षिणेकडे सत्तीच्या वरचं एकही बदाम नाही. मग राजा कशाला खर्च करायचा? दश्शी टाका, हात तुमचाच. मग राजा खेळा. पश्चिमेकडे राणी-९-८-७-३ आहे, दक्षिणेकडे फक्त ६-४. डिक्लेररला या रंगात एक्क्याचा एकच हात मिळतो, गुलाम नंतर भिडूच्या राणीखाली पडतो. ‘तिसऱ्याने मोठं टाकावं’ म्हणून पहिल्याच फेरीला राजा टाकला असता, तर डमीत एक्का-गुलाम राहिले असते आणि तुमच्या दश्शीवर दोन्ही हात डिक्लेररचे झाले असते.

आता याच जोडीने तीन रद्दी पानांतूनही वरचं पान उतरायचं ठरवलं असेल, तर सत्ती ७-४-३ मधूनही येऊ शकते. तेव्हा हिशेब उभाच राहत नाही आणि भिडूचा रंग परत खेळायचा की दुसरा काढायचा हा निर्णयही बदलतो. म्हणून भिडूच्या सत्तीला, अठ्ठीला, नव्वीला अकराची कसोटी लावण्याची सवय ठेवा. अठ्ठी उतरली तर वरची तीनच पानं तुम्ही, डमी आणि डिक्लेरर यांच्यात असायला हवीत. तुम्हाला आणि डमीला मिळून चार दिसत असतील, तर ते चौथं पान नाहीच, रद्दीतलं आहे. दिसणारी पानं हिशेबात बसत असतील तर बोली आठवा: डिक्लेररने या रंगाबद्दल काय सांगितलंय? हे दोन्ही केल्यावर शंकेचे डाव फार थोडे उरतात. लक्षात असू द्या, डिक्लेररलाही अकरा वजा सात करता येतं. ती किंमत मला मान्य आहे, कारण बचावात आपण दोघं आहोत आणि माहितीची गरज आपल्याला जास्त आहे.

ॲटिट्यूड लीडमध्ये पान जितकं लहान तितकी आवड जास्त. राजा-गुलाम-६-२ मधून दुर्री, ९-७-५ मधून नव्वी किंवा सत्ती. परत खेळू की नको, एवढ्याच प्रश्नाने ज्या जोडीला छळलंय, तिला ही पद्धत खरंच मदत करते. पण वरचा दश्शीचा डाव तिला दिसणार नाही, कारण अकराचा हिशेबच हातातून जातो. तुमच्या फसलेल्या डावांत कुठला प्रकार जास्त आहे, ते बघून निवडा.

ऑनरच्या (एक्का ते दश्शी या मोठ्या पानांच्या) बाबतीत नो ट्रम्पवर नियम वेगळे ठेवा. एक्का-राजा-गुलाम-१० सारख्या भक्कम रंगातून एक्का: भिडूने आपला ऑनर असेल तर टाकून द्यावा, नसेल तर मोजणी दाखवावी. राजा-राणीच्या किंवा साध्या एक्का-राजाच्या रंगातून राजा, तिथे भिडूने हवं-नको सांगावं. आणि राजा-राणी-१०-९ मधून राणी, जिचा अर्थ ‘गुलाम असेल तर आत्ताच टाक’. काही जोड्या एक्का आणि राजाची ही कामं अदलाबदल करून खेळतात, तेही चालतं. दोघांनी एकच ठेवावं म्हणजे झालं.

हुकमाचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर मोजणी

हुकूम असताना प्रश्न बदलतो. इथे लांब रंग उभा करायला वेळ नसतो. दुसरी फेरी चालेल की डिक्लेरर हुकूम मारेल, हेच कळायला हवं असतं. म्हणून हुकमावर मी तिसऱ्या-पाचव्याची शिफारस करतो: विषम पानं असतील तर सगळ्यात लहान (पाच असतील तर पाचवं), चार असतील तर तिसरं, दोन असतील तर वरचं.

उदाहरण घ्या. कॉन्ट्रॅक्ट चार इस्पिक. डमीत चौकट राणी-८-५, तुमच्याकडे एक्का-राजा-९-४. भिडूने चौकट उतरलं, तुम्ही राजाने घेतलं, डिक्लेररकडून दश्शी पडली. आता एक्का खेळायचा का? तो चालला तर हात तुमचा. डिक्लेररने हुकूम मारला तर डमीतली राणी मोकळी झाली आणि त्याचं एक हरणारं पान तिच्यावर गेलं.

चौथ्या पानाच्या पद्धतीत भिडूकडे गुलाम-७-६-३ असेल तर तो तिर्री उतरतो. गुलाम-७-६-३-२ असेल तरीही तिर्रीच. डिक्लेररकडे १०-२ असतील तर हुशार डिक्लेरर मुद्दाम दश्शी टाकेल आणि दुर्री लपवेल. एकटी दश्शी असेल तरी दश्शीच दिसेल. तुम्हाला भेद करता येत नाही. तिसऱ्या-पाचव्यात चार पानांतून छक्की येते आणि पाचांतून दुर्री. छक्की दिसली तर एक्का बिनधास्त खेळा. दुर्री दिसली तर भिडूकडे तीन, पाच, नाहीतर एकच पान. म्हणजे डिक्लेररकडे तीन, एक किंवा पाच. इतका फरक बोलीतून ओळखता येतो, कारण दोन-दोन पानांचा फरक बोलीत लपत नाही. एका पानाचा लपतो.

तीन रद्दी पानांचं भांडणही याच पद्धतीत मिटतं. ८-५-२ मधून वरची अठ्ठी उतरलात तर ती दोन पानांसारखी दिसते आणि भिडू तुम्हाला हुकूम मारायला बोलावतो. मधलं पान आधी, मग वरचं, ही ‘मड’ पद्धत खूप जण खेळतात. तिचा दोष असा की तिचा अर्थ दुसऱ्या फेरीला उलगडतो, आणि भिडूला निर्णय बहुधा पहिल्याच फेरीला घ्यायचा असतो. तिसऱ्या-पाचव्यात सरळ दुर्री. ऑनर आहे की नाही हे त्यातून कळत नाही, हे खरं. पण हुकमाच्या खेळात मोजणी मिळाली की ऑनरचा अंदाज डमी बघून बराचसा बांधता येतो.

भिडूने बोललेला रंग

हा कोपरा जवळजवळ प्रत्येक जोडी विसरते. भिडूच्या रंगात तुमच्याकडे तीन रद्दी पानं असतील आणि तुम्ही त्याला पाठिंबा दिलेला नसेल, तर लहान उतरा, कारण त्याला तुमची मोजणी माहीत नाही. पाठिंबा दिला असेल तर मोजणी आधीच कळलेली आहे, तेव्हा वरचं उतरून ‘ऑनर नाही’ हे सांगा. ऑनरसकट तीन असतील तर लहान, दोन असतील तर वरचं. भिडूच्या रंगातलं सगळ्यात मोठं पानच उतरायचं, हा सल्ला अजून ऐकू येतो. राणी-६-३ मधून राणी उतरून किती हात फुकट गेलेत ते तुमच्याच जुन्या डावांत सापडेल.

दश्शी-नव्वी आणि रुसिनोव

दश्शी किंवा नव्वी म्हणजे ‘वर शून्य किंवा दोन ऑनर’ हे नो ट्रम्पवरचं कन्व्हेन्शन आकर्षक आहे. राजा-गुलाम-१० मधूनही दश्शी, १०-९-६ मधूनही दश्शी, आणि गुलाम उतरला तर वर काही नाही. पण भिडूला जे कळतं ते डिक्लेररलाही कळतं, आणि तो फिनेस (वरचं पान बाहेर असताना खालच्या पानाने हात मिळवण्याचा प्रयत्न) कुठल्या बाजूने घ्यायचा ते ठरवतो. रुसिनोव लीड, म्हणजे लागून असलेल्या ऑनरमधून दुसरं पान उतरणं, सिडनी रुसिनोव यांच्या नावाचं, १९३० च्या दशकातलं. एक्का-राजा आणि राजा-राणीचा गोंधळ तेही सोडवतं, पण दोनच पानं असतील किंवा भिडूचा रंग असेल तर अपवाद पाठ करावे लागतात. वरची दुरुस्ती सहा-आठ महिने अंगवळणी पडल्याशिवाय या दोन्हींना हात लावू नका.

पहिली उतारी आणि नंतरच्या उताऱ्या

डावाच्या मध्ये रंग बदलताना मोजणी सोडून द्या आणि हवं-नको वर या: परत हवा असेल तर लहान, नको असेल तर मोठं. तेव्हा डमी उघडी असते, बरीच पानं पडलेली असतात, मोजणी बहुतेक कळलेली असते. वर्ल्ड ब्रिज फेडरेशनच्या कन्व्हेन्शन कार्डावर उतारीच्या चौकटीत ‘नंतरच्या’ उताऱ्यांसाठी वेगळी ओळ आहे, हुकूम आणि नो ट्रम्पचे रकानेही वेगळे आहेत. ती सगळी चौकट भरा. रिकामी राहिलेली प्रत्येक जागा म्हणजे तुमच्या परीक्षेतलं एक न जुळलेलं उत्तर समजा.

भिडूचा रंग परत खेळतानाही पान ठरलेलं असावं. सुरुवातीला तीन होती आणि आता दोन उरली असतील तर त्यातलं वरचं. सुरुवातीला चार होती आणि तीन उरली असतील तर सगळ्यात लहान. यावरून भिडूला डिक्लेररकडे किती उरली ते मोजता येतं, आणि नो ट्रम्पमध्ये नेमका तोच आकडा त्याला हवा असतो.

कार्ड भरलं तरी टेबलावर त्याचा तुम्हाला उपयोग नाही. ड्युप्लिकेट ब्रिजच्या (तेच डाव अनेक टेबलांवर खेळण्याच्या प्रकाराच्या) कायद्याच्या कलम ४० प्रमाणे खेळ चालू असताना स्वतःचं कार्ड बघता येत नाही, ते प्रतिस्पर्ध्यांसाठी असतं. तेव्हा पाठांतर घरीच व्हायला हवं. कलम ४१ प्रमाणे पहिली उतारी उपडी ठेवायची असते. उतारी उलटण्याआधी तुमचा भिडू आणि डिक्लेरर प्रतिस्पर्ध्यांना बोलीबद्दल विचारू शकतात. तिसऱ्या जागेवर बसलेल्याने ती संधी वाया घालवू नये, कारण दुर्री तीन पानांतली की पाचांतली हे ठरवायला बोलीचा नेमका अर्थच लागतो. आणि डिक्लेररने तुमच्या उतारीचा अर्थ तुमच्या भिडूला विचारला, तर जे ठरलंय ते सगळं त्याने सांगायचं, काही ठरलं नसेल तर ‘ठरलेलं नाही’ एवढंच. हे उत्तर ज्या पानावर द्यावं लागेल ते पान लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला तिथून सुरुवात करा.